रिकामी लहर ओळखायची कशी?

राउटर बंद करून पुन्हा चालू केला की २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लगेच दिसतं. ५ गिगाहर्ट्झचं मात्र कधी कधी मिनिटभर उगवतच नाही. राउटर बिघडलेला नसतो, तो ऐकत असतो. त्या पट्ट्यातल्या काही चॅनेलवर पहिला हक्क रडारचा आहे. तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरने किमान ६० सेकंद कानोसा घ्यायचा, पुढे कधी रडार जाणवलंच तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. विमानतळाच्या आसपास वाय-फाय मधूनच तुटून पुन्हा जोडलं जातं, त्यामागे हेही कारण असू शकतं.

ही सारी कसरत कशासाठी? कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, भिंती ओलांडतात, पण तिथे जागा थोडी. जास्त वारंवारतेला जागा भरपूर, पण भिंत आली की दम संपतो. त्यामुळे मधल्या पट्ट्यावर सगळ्यांचाच डोळा. तो कधीच वाटून झाला आहे: हा तुकडा टीव्हीला, तो नौदलाला, पलीकडचा मोबाइल कंपनीला. पण २००२ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने नेमलेल्या कार्यगटाला दिसलं की वाटलेले कितीतरी पट्टे बराच काळ वापराविना पडून असतात. म्हणजे टंचाई होती ती बरीचशी कागदावरची.

यावरचा उपाय रेडिओ अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्येच मांडला होता: कॉग्निटिव्ह रेडिओ. हा रेडिओ आपली वारंवारता आणि प्रक्षेपणाची पद्धत सॉफ्टवेअरने बदलतो, आजूबाजूला ऐकतो, रिकामी जागा वापरतो आणि मालक आला की उठतो.

गोची आहे ती ऐकण्यात. टीव्हीच्या मोकळ्या चॅनेलवर बोलू पाहणारं यंत्र डोंगराआड किंवा तळघरात असेल, तर त्याला मनोऱ्याचा संकेत मिळतच नाही. ते समजतं, चॅनेल रिकामा आहे. त्याच वेळी शेजारच्या गच्चीवरचा अँटेना तोच कार्यक्रम व्यवस्थित पकडत असतो. आणि त्रास होणार तो मनोऱ्याला नव्हे, त्या टीव्हीला; जो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. तो तिथे आहे हे नुसतं ऐकून कळणार कसं? म्हणून २००८ मध्ये एफसीसीने फारच तिखट कानांची अट घातली: वॅटच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग करा, तसे जेमतेम चार भाग भरतील एवढा क्षीण टीव्ही संकेतही ओळखता आला पाहिजे. स्वस्त यंत्राकडून ही अपेक्षा जरा जास्तच होती. २०१० मध्ये, आपलं स्थान कळवून, कुठे कोणता चॅनेल वापरात आहे याच्या नोंदवहीला (डेटाबेसला) ‘इथे कोणता चॅनेल मोकळा?’ असं विचारणाऱ्या यंत्रांना ही अट माफ झाली. हुशार रेडिओच्या स्वप्नापुढे हे जरा सरकारी खाक्याचं वाटतं, पण चाललं तेच.

नोंदवहीलाही मर्यादा आहेच. टीव्हीचा मनोरा जागचा हलत नाही, युद्धनौका हलते, आणि नौदल तिचा ठावठिकाणा जाहीर करत बसत नाही. म्हणून अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात किनाऱ्यावर संवेदक बसवले आहेत. नौकेवरचं रडार जाणवलं की ते मध्यवर्ती यंत्रणेला कळवतात आणि ती यंत्रणा त्या भागातल्या नेटवर्कांना बाजूला सारते. पहिला मान नौदलासारख्या मूळ वापरकर्त्यांचा, मग लिलावात परवाना घेतलेल्यांचा, उरलेल्या जागेत बाकीचे.

मध्यवर्ती यंत्रणेशिवाय हे जमेल का, हे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, एका स्पर्धेतून आजमावलं. २०१९ च्या अंतिम फेरीत फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ जिंकला. वेगवेगळ्या संघांचे रेडिओ एकाच पट्ट्यात सोडले होते आणि गुणांकन असं, की इतरांना चिरडून जिंकता येऊ नये. शिवाय नुसत्या ऐकण्यावर भिस्त नव्हती: आपण कुठे आहोत, कोणती वारंवारता वापरतो आहोत, आपले संदेश नीट पोहोचताहेत का, हे प्रत्येक संघाचं नेटवर्क एका वेगळ्या दुव्यावरून इतरांना सांगत होतं.