काफ्काच्या 'मेटामॉर्फॉसिस'मधलं परकेपण

'मेटामॉर्फॉसिस' (मूळ जर्मन नाव 'डी फेर्वांडलुंग') ही फ्रान्झ काफ्काची दीर्घकथा. १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रागमध्ये लिहिलेली, १९१५ मध्ये छापून आलेली. ग्रेगोर झाम्झा नावाचा कापडाचा फिरता सेल्समन एका सकाळी उठतो तर त्याचा किडा झालेला असतो, आणि का झाला ते शेवटपर्यंत कळत नाही, कुणी विचारतही नाही. ही कथा अ‍ॅब्सर्ड, म्हणजे तर्कात न बसणाऱ्या विसंगत जगाच्या साहित्यातली मोठी कथा मानतात ती मुख्यतः यामुळे. पण माणूस किडा होतो याचं नवल पहिल्या पानातच संपतं, पुढे उरते ती घरातल्या माणसांची गोष्ट.

बऱ्याचदा असं सांगितलं जातं की तो किडा झाला म्हणून घरच्यांनी त्याला टाकलं. मला हे अर्धंच खरं वाटतं, कारण परकेपण आधीपासूनच होतं. बापाचा धंदा बुडाला, कर्ज डोक्यावर, ते फेडायला ग्रेगोर ज्याचं कर्ज आहे त्याच मालकाकडे नोकरी करतो, पाच वर्षांत एकदाही आजारी पडलेला नाही. सुरुवातीला त्याने पैसे टेबलावर ठेवले की घर हरखून जायचं, मग दोन्ही बाजूंना सवय झाली, पैसे घेतले जायचे, दिले जायचे, पण ती माया राहिली नाही, हे काफ्का स्वतःच सांगून टाकतो. नंतर कळतं की बापाकडे थोडी शिल्लक होती आणि ग्रेगोरच्या पगारातलेही पैसे बाजूला टाकलेले होते. त्या पैशांतून कर्ज लवकर फिटलं असतं, तरी ग्रेगोर चिडत नाही, उलट त्याला बरंच वाटतं, आणि हे वाचताना फार त्रास होतो.

कुलपांचंही बघण्यासारखं आहे. लॉजवर राहून त्याला रात्री खोली आतून बंद करायची सवय लागलेली, म्हणून त्या सकाळी सगळे बाहेरून दार ठोठावत असतात. संध्याकाळी दारं उघडी आहेत पण कुणी आत येत नाही, आणि किल्ल्या आता बाहेरच्या बाजूला लागलेल्या.

बहीण ग्रेटे सुरुवातीला खूप जपते. दुधात भिजवलेला पाव त्याला नकोसा झालाय हे बघून ती जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडं, चीज असं मांडून ठेवते, त्याला काय आवडतं ते कळावं म्हणून. ख्रिसमसला तिला संगीत शिकायला पाठवायचं जाहीर करणार, असं त्याने मनात ठरवलेलं होतं. बाप सफरचंदं फेकून मारतो आणि एक पाठीत रुततं ते तसंच राहतं, कुणी काढत नाही. पण खरा घाव शेवटी बहीणच घालते. भावाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असं ठरवून ती म्हणते, ह्याच्यापासून सुटका करून घ्यायलाच हवी, आणि तिथे जर्मनमध्ये 'तो' जाऊन नपुंसकलिंगी सर्वनाम येतं. मराठीत हे जसंच्या तसं उतरतं: तो होता, 'ते' झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरीणही 'ते मेलंय' असंच ओरडते.

काफ्काच्या घरातही त्या वर्षी तणाव होता. मेहुण्याबरोबरच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याकडे त्याने लक्ष द्यावं असा घरच्यांचा आग्रह, आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये लाडकी बहीण ओट्लासुद्धा आईवडिलांच्या बाजूने बोलली, ते त्याला फार लागलं. कथा त्यानंतर काही आठवड्यांतच सुरू झाली. म्हणून ग्रेटे म्हणजे ओट्ला असं सरळ म्हणता येणार नाही, पण त्या घरातली घुसमट ऐकीव वाटत नाही.

पुस्तकाच्या कव्हरवर किडा काढू नका, लांबूनसुद्धा दिसता कामा नये, असं त्याने प्रकाशकाला कळवलं होतं. छापलेल्या चित्रात आहे एक माणूस, चेहरा दोन्ही हातांनी झाकलेला, आणि मागे अर्धवट उघडं दार, आत नुसता काळोख.