शेजारचा पार्क विकत घेतला की: जिऑगा लेक ते सिक्स फ्लॅग्ज

मोठ्या मनोरंजन कंपनीने प्रतिस्पर्ध्यांचे थीम पार्क विकत घ्यावेत का, याचा अमेरिकेत एकदा अनुभव घेऊन झाला आहे. चित्रपट आणि वाहिन्यांच्या टाइम वॉर्नरने १९९०च्या दशकात सिक्स फ्लॅग्ज ही थीम पार्कची साखळी घेतली आणि १९९८ साली उरलासुरला वाटाही प्रीमिअर पार्क्स या पार्क चालवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात घालून ती मोकळी झाली. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने १९९२पासून जमवलेले पाच पार्क फिरत फिरत सीबीएस या टीव्ही कंपनीकडे आले. तिने २००६ मध्ये ते सीडर फेअर या पार्क चालवणाऱ्या कंपनीला १२४ कोटी डॉलरना विकले. नव्या मालकाने पॅरामाउंटचे नाव मात्र फार काळ ठेवले नाही. चित्रपटांची नावे असलेल्या राइडचे फलक, सजावट, कार्यक्रम सगळे बदलावे लागले. परवाना संपला की पैसे मोजून घेतलेली ओळख जाते, हे खरेदीच्या हिशेबात सहसा नीट धरलेले नसते.

दुसरीकडे खरेदी करत राहिल्या त्या पार्क चालवणाऱ्या कंपन्याच. त्यातले सर्वांत बोलके उदाहरण ओहायोतले. क्लीव्हलँडजवळच्या जिऑगा लेकच्या एका काठाला जुना अम्युझमेंट पार्क होता आणि समोरच्या काठाला १९७० पासून सागरी प्राण्यांचे सीवर्ल्ड. २००० मध्ये जुन्या पार्कचे नाव सिक्स फ्लॅग्ज ओहायो झाले आणि एकाच हंगामात तिथे चार रोलरकोस्टर उभे राहिले. २००१ साली सिक्स फ्लॅग्जने ११ कोटी डॉलरना सीवर्ल्डही घेऊन दोन्ही काठ एक केले. पण प्रेक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. २००४ मध्ये सारे सीडर फेअरला १४.५ कोटींना गेले. सीवर्ल्डचे प्राणी सौद्यात नव्हते.

सीडर फेअरचा मुख्य पार्क, सीडर पॉइंट, त्याच राज्यात सँडस्कीला आहे. गोम इथेच आहे. दोन पार्क दोन मालकांचे असले की एकाने कोस्टर उभारला तर दुसऱ्यालाही काही तरी करावे लागते. मालक एकच झाला की ही चढाओढ थांबते, एकाच सीझन पासवर दोन्हीकडे जाता येते आणि नवी राइड साहजिकच मोठ्या पार्कला मिळते. धाकट्याचे प्रेक्षक घटतात, मग घटलेले प्रेक्षक हेच तो बंद करण्याचे कारण ठरते. जिऑगा लेकचा राइडचा भाग २००७च्या हंगामानंतर बंद झाला. पोलादी कोस्टर बोल्ट काढून, तुकड्यांवर क्रमांक टाकून ट्रकने हलवता येतात. तिथला डॉमिनेटर हा कोस्टर २००८ मध्ये सीडर फेअरच्याच व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियन पार्कला उभा राहिला. १९२५ चा लाकडी बिग डिपर हलवण्यासारखा नव्हता. तो तसाच कुजत राहिला आणि २०१६ मध्ये पाडला गेला.

दुसरी अडचण कर्जाची. थंड हवेच्या राज्यांतले पार्क साधारण मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत रोज, पुढे ऑक्टोबरपर्यंत मुख्यतः शनिवार-रविवारी चालतात. व्याज मात्र बारा महिने भरायचे. जुलैचे दोन-तीन शनिवार-रविवार पावसात गेले की वर्षाचा ताळा चुकतो. सिक्स फ्लॅग्जने जून २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा डोक्यावर सुमारे २४० कोटी डॉलरचे कर्ज होते. पॅरामाउंटच्या पार्कांसाठी काढलेल्या कर्जाने सीडर फेअरही वाकली होती. अपोलो या गुंतवणूक कंपनीला सीडर फेअर विकण्याचा बेत भागधारकांच्या विरोधामुळे २०१० मध्ये बारगळला.

तरी खरेदीच्या मागण्या येतच राहिल्या. २०१९ साली सिक्स फ्लॅग्जने सीडर फेअरला सुमारे ४०० कोटी डॉलर देऊ केले, २०२२ मध्ये सीवर्ल्डने ३४० कोटी. दोन्हींना नकार मिळाला. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज यांचे विलीनीकरण ठरले आणि १ जुलै २०२४ रोजी ते पूर्ण झाले: ४२ पार्क, वर्षाला २० कोटी डॉलरच्या लाभाचे आश्वासन, त्यातले १२ कोटी निव्वळ खर्चकपातीचे. राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातले सिक्स फ्लॅग्ज अमेरिका आणि किंग्ज डोमिनियन हे दोन पार्क त्यामुळे एकाच मालकाचे झाले. पैकी सिक्स फ्लॅग्ज अमेरिका २ नोव्हेंबर २०२५ रोजी कायमचा बंद झाला. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या तिमाही हिशेबात कंपनीने ख्यातिमूल्यातले (गुडविल, म्हणजे खरेदीत मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) सुमारे १५० कोटी डॉलर बुडीत धरले.