दोर धरणारा माणूस प्रश्न विचारायला कधी शिकला?

कॅम्पवर काम करणाऱ्या पोरापोरींना फॅसिलिटेशन, म्हणजे उत्तर न देता प्रश्न विचारून गटालाच अनुभवातून शिकू देणं, जमायला लागतं ते का आणि कसं, हे बघायचं तर आधी मागे जायला लागतं, कारण सुरुवातीला आऊटडोअरमध्ये फॅसिलिटेटर हा प्रकारच नव्हता, इन्स्ट्रक्टर होता, गाठ मारायला शिकवणारा, दोर धरणारा, आणि कुठे थांबायचं ते सांगणारा.

कुर्ट हान हे जर्मन शिक्षक, हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये तुरुंगात गेले आणि सुटल्यावर ब्रिटनला आले. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, जहाज कंपनीवाल्या लॉरेन्स होल्टच्या मदतीने वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला त्यांनी आऊटवर्ड बाऊंड ही साहसातून शिकवणारी शाळा सुरू केली. होल्टचं म्हणणं असं होतं की जहाज बुडाल्यावर लाइफबोटीत तरुण खलाशी आधी हाय खातात आणि वयाने मोठे, मुरलेले टिकून राहतात, म्हणजे कमी पडतो तो स्वतःवरचा भरवसा. त्यातून साधारण महिनाभराचा कोर्स उभा राहिला, त्यात बोटी, डोंगर, बचावकार्य सगळं होतं. गोल करून बसणं आणि 'आज काय वाटलं' विचारणं हा मात्र त्याचा गाभा नव्हता.

ते आलं भलत्याच बाजूने. १९४६ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांची एक कार्यशाळा चालू होती, दिवसभर गटात कोण कसं वागलं यावर संशोधक रात्री आपसात बोलायचे, एका रात्री काही सहभागी तिथे येऊन बसले आणि स्वतःबद्दलचं ऐकून म्हणाले, नाही, असं नव्हतं झालं. त्या वादावादीतून लोक दिवसभरापेक्षा जास्त शिकतायत हे तिथल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आजच्या डीब्रीफिंगचं, म्हणजे अनुभवानंतर गटाने बसून त्यावर बोलण्याचं, मूळ मला त्या खोलीत दिसतं.

पुढे १९६० च्या दशकात आऊटवर्ड बाऊंड अमेरिकेत कोलोरॅडोला पोचलं, १९६५ मध्ये पॉल पेटझोल्ट यांनी वायोमिंगमध्ये नोल्स ही आऊटडोअर लीडर तयार करणारी शाळा काढली, कारण चांगले लीडर कमी पडत होते, आणि १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचरने हे सगळं डोंगरावरून उतरवून शाळेच्या मैदानात, रोप्स कोर्सवर, म्हणजे दोरांच्या अडथळ्यांवर, आणलं. इथे खरा फरक पडला. डोंगरावर आठवडे मिळतात, शाळेत तास दोन तास, त्यामुळे अनुभवातून काय घेतलं हे विचारून बाहेर काढणं भागच पडलं.

यावरून आऊटडोअरवाल्यांत मोठा वाद झाला. एक गट म्हणायचा डोंगरालाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका, दुसरा म्हणायचा की बोलल्याशिवाय अनुभव तसाच विरून जातो. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांचं पुस्तक आलं, त्यात अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलेलं होतं, अनुभव, त्यावर विचार, त्यातून निष्कर्ष, मग पुन्हा करून बघणं, आणि दुसऱ्या गटाला भक्कम आधार मिळाला. पण माझ्या मते पहिला गटही चुकीचा नव्हता, आणि कॅम्पवर काम करणाराच ते नीट शिकतो, कारण पाऊस खराच पडतो, गट खराच चिडतो, तंबू उभाच राहत नाही, आणि तेव्हा उत्तर तोंडावर आलेलं असतानाही गप्प राहून अजून दोन मिनिटं थांबायचं की सुरक्षिततेसाठी लगेच मध्ये पडायचं, हे रोज, दहादा ठरवावं लागतं.