पान की शेंडा? फिटीचं औषध आणि गांजाचा कायदा

मराठवाड्यात कुणाला फिट आली की आजही कांदा फोडून नाकाशी धरतात, नाहीतर चप्पल हुंगवतात. त्याच घरात देवळीत फिटीच्या गोळ्यांची पट्टीही असते. आता मोबाइलवर ‘गांजाच्या तेलानं फिट थांबते’ असा व्हिडिओ फिरतो आणि बाप विचारतो, ‘डॉक्टर लिहून देतील का हो?’ ज्या भागात तुरीच्या ओळींत गांजाची चार झाडं सापडली तरी पंचनामा होतो, झाडं उपटून काट्यावर चढतात, तिथं हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो.

खरं तर ही वाट आपल्याच देशातून निघाली. 1839 च्या सुमारास कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरानं झटके येणाऱ्या, अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलीला गांजाच्या अर्काचे थेंब दिले आणि त्याची नोंद छापली. पुढे इंग्रज सरकारनं 1893 मध्ये नेमलेल्या आयोगानं सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा सल्ला दिला.

गाडी फिरली ती अंमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानं. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहिल्या. आपला 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, हीच व्याख्या घेऊन आला. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’, वीस किलोच्या वर ‘व्यापारी’. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा. पण त्याच कायद्याच्या कलम 8 मध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी सूट आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. अर्थात ही सूट नियम आणि परवान्यांच्या चौकटीतच चालते. घरी कुंडीत झाड लावायला ती उपयोगाची नाही.

म्हणून देशात औषधाची रुळलेली वाट निघाली ती पानातून. भांग म्हणजे याच झाडाची पानं; आयुर्वेदात तिला विजया म्हणतात. औषधांच्या नियमावलीतल्या ई-1 या विषारी द्रव्यांच्या यादीत ती आहे, म्हणून अशा बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या’ असा इशारा छापावा लागतो. महाराष्ट्रात आणखी एक गाठ आहे: 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही धरतो. केंद्राच्या कायद्यातून सुटलेलं पान राज्याच्या कायद्यात अडकतं.

शास्त्राची बाजू वेगळी चालली होती. झाडात नशा आणणारा घटक टीएचसी. दुसरा सीबीडी, ज्यानं नशा येत नाही. 1980 मध्ये ब्राझीलमध्ये पंधरा रुग्णांवर छोटी चाचणी झाली. सीबीडी घेतलेल्या आठांपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले. मोठ्या चाचण्यांना पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली. जून 2018 मध्ये अमेरिकेनं शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स हे औषध ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहानपणीच्या दोन अवघड अपस्मारांसाठी (फिटीच्या आजारांसाठी) मान्य केलं. त्याच महिन्यात लंडनच्या विमानतळावर एका आईनं आजारी मुलासाठी आणलेलं गांजाचं तेल जप्त झालं, देशभर ओरड झाली आणि 1 नोव्हेंबर 2018 पासून ब्रिटनमध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना गांजाजन्य औषध लिहिण्याची मुभा मिळाली. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं. 27 विरुद्ध 25 मतांत भारताचं मत काढण्याच्या बाजूनं होतं.

आपल्याकडे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत परवानगीनं हे झाड वाढवून औषधी संशोधन चालू आहे. पण व्हिडिओतलं ‘तेल’ आणि एपिडिओलेक्स एक नव्हे. एपिडिओलेक्समध्ये सीबीडी किती ते मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं; विजयाच्या तेलात टीएचसीही असू शकतो. शिवाय सीबीडीचा परिणाम यकृतावर होतो आणि व्हॅल्प्रोएटची गोळी सोबत चालू असेल तर तो धोका वाढतो. आपल्याकडच्या फिटीच्या कित्येक रुग्णांच्या कागदावर नेमकी हीच गोळी लिहिलेली असते.