गेमात्रिया

हिब्रू अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज करून त्यावरून धर्मवचनांचा अर्थ लावण्याची ज्यू परंपरेतील पद्धती. बावीस अक्षरांपैकी पहिल्या नऊ अक्षरांना एकं, पुढील नऊ अक्षरांना दहं आणि शेवटच्या चारांना १०० ते ४०० ही मूल्ये आहेत. दोन शब्दांची बेरीज सारखी आली, तर त्यांच्यात आंतरिक संबंध मानतात. अक्षरांनी अंक दर्शविणाऱ्या आपल्याकडील कटपयादी पद्धतीत अक्षराच्या जागेवरून अंकाचे स्थान ठरते. गेमात्रियात नुसती बेरीज असल्याने अक्षरक्रमाला महत्त्व नाही आणि जुळण्याही उदंड सापडतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. ॲसिरियाचा राजा दुसरा सारगॉन (कार. इ. स. पू. ७२२–७०५) याच्या खोर्साबाद येथील लेखात नगराच्या तटाची लांबी १६,२८३ हात असून ती राजाच्या नावाची संख्या असल्याचे म्हटले आहे. त्यावरून काही अभ्यासक या पद्धतीचे मूळ मेसोपोटेमियात शोधतात. मात्र ही संख्या नावातून कशी काढली, याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही. ग्रीक प्रभावाचे मत अधिक सयुक्तिक दिसते. ग्रीकांत असे संख्याखेळ रूढ होते, ‘जिची संख्या ५४५, तिच्यावर माझे प्रेम आहे’ असे पाँपेईच्या एका भिंतीवर (इ. स. ७९ पूर्वी) कोणी खरडून ठेवले आहे. ज्यूंमध्ये अक्षरांनी आकडे लिहिल्याचा जुना पुरावा बहुधा ज्यू राजा अलेक्झांडर यानाय (कार. इ. स. पू. १०३–७६) याच्या नाण्यांवरचा आहे. गेमात्रिया हे नावही ग्रीकोद्भव आहे.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथात (१४:१४) अब्राहामाबरोबर लढायला निघालेले ३१८ सेवक म्हणजे एकटा त्याचा सेवक एलिएझर, कारण त्याच्या नावाची बेरीज ३१८ होते, हे तालमूद या ज्यू धर्मविवेचनाच्या ग्रंथातील प्रसिद्ध उदाहरण. ‘तोरा’ (धर्मशास्त्र) या शब्दाची संख्या ६११; सिनाई पर्वतापाशी लोकांनी थेट ईश्वराकडून ऐकलेल्या दोन आज्ञा मिळवून ज्यू धर्मातील एकूण आज्ञा ६१३ होतात. ‘एहाद’ (एक) व ‘अहावा’ (प्रेम) प्रत्येकी १३. त्यांची बेरीज २६ ही ‘यहवे’ या चतुरक्षरी ईश्वरनामाची संख्या.

ज्यू गूढवादी वर्म्सचा एलाझार (सु. ११७६–१२३८) व अब्राहाम अबुलाफिया (१२४०–सु. १२९१) यांनी या पद्धतीला प्रार्थना आणि ध्यान यांची जोड दिली. बायबलचा भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा याने मात्र ३१८ च्या याच वचनावर लिहिताना धर्मग्रंथ गेमात्रियात बोलत नसल्याचे बजावले. धर्मपंडित नाहमानिदेसने परंपरेने आलेली अशी गणिते मान्य केली, पण मनाने नवी रचण्यास विरोध केला. तो अनाठायी नव्हता: स्वतःला मसीहा (ईश्वराने पाठवलेला त्राता) म्हणवणाऱ्या साब्बाताई झेवीच्या नावाची ८१४ ही बेरीज ‘शद्दाय’ या ईश्वरनामातील अक्षरांची नावे (शिन, दालेत, योद) पूर्ण लिहून येणाऱ्या बेरजेइतकी असल्याचे अनुयायी सांगत. १६६६ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला.

आज व्यवहारात १८ ही संख्या विशेष आढळते. ती ‘खाय’ (जिवंत) या शब्दाची असल्याने देणग्या व भेटी १८ च्या पटीत देतात.