एपिस्कोपल चर्चमध्ये नवे आहात? उपासना, संस्कार आणि लागणारी कागदपत्रे

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बसायला अर्ज नाही, नोंदणी नाही, ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. कागदाचा प्रश्न येतो तो पुढे, आणि तिथेही बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: बाप्तिस्मा झाला आहे का? त्यामुळे पुणे, मुंबई किंवा अहिल्यानगरहून निघताना पदवीच्या प्रमाणपत्रांसोबत बाप्तिस्म्याचा दाखलाही बॅगेत टाका. मागाहून हवा झाला, तर घरच्यांना जुनी वही शोधायला मंडळीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

हे चर्च अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून निघालेल्या चर्चांच्या परिवारातलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही (सीएनआय) याच परिवारात आहे, म्हणून सीएनआयच्या माणसाला इथे नव्याने काही सिद्ध करावं लागत नाही. आपल्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणलं की नाव इथल्या नोंदवहीत चढवणं सोपं जातं.

पहिला रविवार

बाकाच्या पाठीला खाचेत दोन पुस्तकं दिसतील. बहुधा लाल असतं ते १९७९ चं प्रार्थनापुस्तक, निळं असतं ते गायनाचं. सध्याच्या इंग्रजीतली प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, उपासना प्रार्थनापुस्तकात पान ३५५ वर सुरू होते. जुन्या धाटणीची इंग्रजी हवी असेल तर पान ३२३. उभं राहून गाणं, बसून ऐकणं, गुडघे टेकून प्रार्थना, असा साधारण क्रम. चुकलं तरी कुणी वळून बघत नाही. निम्मे लोक शेजाऱ्याकडे पाहूनच उठतात-बसतात.

प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपुढच्या कठड्याशी जायचं. डाव्या तळहातावर उजवा तळहात ठेवून पुढे धरला की भाकर त्यावर ठेवतात. प्याला सगळ्यांचा एकच असतो. त्याला तोंड लावायचं नसेल तर नुसती भाकर घेतली तरी भोजन पूर्णच मानतात. भोजन घ्यायचं नसेल तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, पाळक आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलात तरी चालतं.

भोजन कुणाला?

चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही, मग तो कोणत्याही चर्चमध्ये झालेला असो. दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर बिशपच्या हातून विश्वास पक्का करण्याच्या विधीची) अट नाही, म्हणूनच लहान मुलंही हात पुढे करताना दिसतात. आपल्याकडच्या सवयीमुळे सुरुवातीला हे चमत्कारिक वाटतं. काही मंडळ्या बाप्तिस्मा नसलेल्यांनाही बोलावतात, पण लेखी नियम तसा नाही. वसई-गोव्याच्या कॅथलिकांनी एक लक्षात घ्यावं: इकडून मनाई नसली तरी त्यांच्या स्वतःच्या चर्चचा कायदा इथलं भोजन घेऊ देत नाही.

बाप्तिस्मा

पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. दाखला हरवला म्हणून तर नाहीच नाही. खरोखर शंका असेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल तर’ असे शब्द जोडून विधी करतात. नव्याने घ्यायचा असेल तर आधी पाळकांना भेटा, ते तयारीचे वर्ग सांगतील. उमेदवारामागे निदान एक बाप्तिस्मा झालेली व्यक्ती उभी राहावी लागते. विधी सहसा रविवारच्या मुख्य उपासनेत होतो. त्यासाठी ईस्टरची जागरण उपासना, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), सर्व संतांचा दिवस आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार हे दिवस विशेष योग्य मानतात.

दृढीकरण की स्वीकार?

दृढीकरण फक्त बिशपच्या हातून होतं आणि बिशप काही दर महिन्याला येत नाहीत, म्हणून तारीख आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या चर्चमध्ये प्रौढपणी जाहीर विश्वास कबूल केला असेल, तर बिशप हात ठेवून नुसता ‘स्वीकार’ करतात.

पापकबुली ऐच्छिक आहे, आजाऱ्याच्या तैलाभ्यंगाला (तेल लावून केलेल्या प्रार्थनेला) पाळकांना निरोप पुरतो. दोन्हींना कागद नाही.

लग्न

इथे मात्र कागद आहेत. निदान ३० दिवस आधी पाळकांना कळवावं लागतं. वधूवरांपैकी एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला हवा, म्हणजे जोडीदार हिंदू असला तरी दार बंद नाही. दोघांनी लग्नाच्या हेतूच्या जाहीरनाम्यावर सही करायची, आणि दोन साक्षीदार लागतात. घटस्फोटित असाल तर आधीच्या निकालाची कागदपत्रं दाखवावी लागतात, शिवाय बिशपची संमती लागते. त्यात वेळ जातो, तेव्हा हॉल बुक करण्याआधी हे काम उरका. सरकारी विवाह परवाना वेगळा, तो तुम्हीच काढायचा. त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. पाळकांना नियमाने नकार देण्याची मुभा आहे, आणि कारण सांगायचं बंधनही त्यांच्यावर नाही.