सूर्य नाहीसा झाल्यास पृथ्वी

सूर्य एका क्षणात नाहीसा झाला तर पृथ्वीचे काय होईल, हा भौतिकीतील एक विचारप्रयोग आहे. प्रत्यक्षात तारे असे गायब होत नाहीत आणि सूर्याजवळचे इंधन अजून सुमारे ५ अब्ज वर्षे पुरेल. तरीही प्रश्न कामाचा आहे. सूर्याकडून आपल्याला काय काय मिळते आणि पुरवठा तुटल्यावर त्यातले काय किती काळ पुरते, याचा हिशेब त्यातून मांडता येतो. ‘सूर्य गेला की त्याच क्षणी सगळे संपले’ ही समजूत या हिशेबात टिकत नाही.

सूर्य सरासरी १४ कोटी ९६ लाख किमी. दूर असल्याने त्याचा प्रकाश येथे पोचायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढा वेळ सूर्य नेहमीसारखाच तळपताना दिसेल. पण गुरुत्वाकर्षणाचे काय? न्यूटनच्या सिद्धांतात ओढ तत्क्षणी पोचते. म्हणजे सूर्य डोळ्यांसमोर दिसत असतानाच पृथ्वी कक्षा सोडून निघाली असती. आइन्स्टाइनच्या १९१५ मधील व्यापक सापेक्षतेनुसार गुरुत्वीय बदलही प्रकाशाच्याच वेगाने पसरतो, तेव्हा अंधार पडणे आणि ओढ सुटणे एकाच वेळी घडेल. १७ ऑगस्ट २०१७ रोजी याचा भक्कम पुरावा मिळाला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्यांच्या गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणातील बदलाचे पसरणारे तरंग) आणि गॅमा किरण (एक प्रकारचा प्रकाशच) इतका प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोचले. अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. येथे एक मेख आहे: आइन्स्टाइनच्या समीकरणांत वस्तुमानाचे असे शून्यात विरणे मुळात बसतच नाही. त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर प्रश्नच नियमबाह्य ठरतो. पुढचे सारे तेवढी सूट घेऊन.

ओढ सुटल्यावर पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किमी. वेगाने कक्षेच्या स्पर्शरेषेत सरळ निघेल. कोणत्या दिशेने, हे तारखेवर ठरेल. मकरसंक्रांतीला सूर्य गेला तर ती चित्रा तारकेच्या रोखाने जाईल, कारण पृथ्वीच्या गतीची दिशा त्या दिवशीच्या सूर्याच्या सुमारे ९० अंश पश्चिमेला असते. या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला १०,००० वर्षे लागतात. चंद्र सोबत राहील, कारण तो पृथ्वीशी बांधलेला आहे. त्यामुळे भरती-ओहोटीही थांबणार नाही. मात्र सूर्याचा भरतीकारक प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. तो गेल्यावर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीचा भांग (लहान भरती) हा फरक मिटेल, आणि समुद्र गोठेपर्यंत रोजची भरती जवळपास सारखीच येत राहील.

आकाशातले दिवे मात्र एकदम मालवणार नाहीत. पौर्णिमा असेल तर चंद्र सूर्यानंतर अडीच सेकंदांनी विझेल. गुरू प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, असेल तर तो आणखी सुमारे ७० मिनिटे आणि शनी सव्वादोन तासांहून अधिक काळ चमकत राहील. त्यांच्याकडे आधीच निघालेला प्रकाश परतून येईपर्यंत. मग उरतील फक्त तारे.

थंडीचा हिशेब सर्वांत मोठा आहे. पृथ्वी सूर्यप्रकाशातून दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट शोषून घेते. तिच्या पोटातून वर येणारी उष्णता जेमतेम ०.०९ वॅट. या शिलकीवर पृष्ठभागाचे तापमान अखेरीस उणे २३८ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावते. तिथवर पोचण्याची गती सर्वत्र सारखी नसेल. जमीन उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून खंडांच्या अंतर्भागात काही दिवसांतच पाणी गोठू लागेल. किनारे समुद्राच्या उबेवर थोडे अधिक तग धरतील. सूर्याविना गारठा किती पडतो याची चुणूक आजही मिळते: अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथे सूर्य न उगवणाऱ्या ध्रुवीय हिवाळ्यात, २१ जुलै १९८३ रोजी, उणे ८९.२ अंश नोंदले गेले, तेही इतर अक्षांशांवरून उबदार हवा येत असताना. हवेतील बाष्प हिमरूपाने खाली आले की हरितगृह परिणामाचा मोठा भाग जाईल आणि गारठा आणखी वेग घेईल. शेवटी पाळी हवेचीच: आधी ऑक्सिजन द्रवरूप होईल, नंतर नायट्रोजन. दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा असते. ती सारी गोठून साधारण १० मीटर जाडीचा थर होईल.

समुद्राबाबत लोकप्रिय लेखनात एक विधान वारंवार येते: वरचे बर्फ उष्णतारोधक ठरून खाली अब्जावधी वर्षे पाणी राहील. हे पृथ्वीला लागू पडत नाही. बर्फ जाड होत जाते तसे गोठणे मंदावते हे खरे. ढोबळ हिशेबाने पहिल्या हजार वर्षांत ते काहीशे मीटरच होईल. पण ०.०९ वॅटच्या आधाराने बर्फ ज्या जाडीवर वाढायचे थांबेल ती जाडी समुद्राच्या सरासरी ३.७ किमी. खोलीपेक्षा खूपच जास्त निघते. म्हणजे मध्यसागरी पर्वतरांगांच्या उष्ण पट्ट्यांखेरीज समुद्र कालांतराने तळापर्यंत गोठेल.

प्रकाशसंश्लेषण लगेच थांबेल, पण गुदमरून कोणी मरणार नाही. हवेतला ऑक्सिजन श्वसनाला हजारो वर्षे पुरेल इतका आहे. उपासमार आणि थंडी त्याच्या कितीतरी आधी गाठतील. माणसांपुरता आसरा म्हणजे भूऔष्णिक किंवा अणुऊर्जेवर चालणारी बंदिस्त वस्ती. आइसलँडमधील सुमारे ९० टक्के घरे आजही जमिनीखालच्या उष्णतेवर तापतात.

गॅलापागोसजवळ १९७७ मध्ये सापडलेल्या खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांभोवतीच्या सजीवसृष्टीला सूर्याची गरज नाही, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. तेथील मोठे नलिकाकृमी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात आणि तो वरच्या सूर्यप्रकाशातूनच आलेला असतो. खरे स्वावलंबी जीव आणखी खाली आहेत. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किमी. खोलीवर सापडलेला डीसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर हा जीवाणू खडकांतील किरणोत्साराने पाणी फुटून सुटणाऱ्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर जगतो. सूर्य गेल्याची खबर त्याला फार उशिरा, वरची थंडी खडकातून झिरपत खाली येईल तेव्हा लागेल.